गोचीड पुन्हा येते कुठून?

दुपारच्या वेळी अंगणात कुत्र्याला आडवे पाडून त्याच्या कानामागच्या, मानेवरच्या आणि पायाच्या बोटांमधल्या गोचिडी वेचणारे कोणीतरी आपण सर्वांनीच पाहिलेले असते. वेचलेल्या गोचिडी निखाऱ्यावर टाकल्या जातात किंवा रॉकेलच्या वाटीत बुडवल्या जातात. कुत्रे स्वच्छ होते, अंग झटकून निघून जाते. आठ-दहा दिवसांनी पाहावे तर कानामागे पुन्हा तेवढ्याच गोचिडी! मग घरातले एखादे मूल हमखास विचारते, "काल तर सगळ्या काढल्या होत्या, मग या पुन्हा आल्या कुठून?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे नेमके उत्तर मिळायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. उत्तर मिळेपर्यंत असंख्य गुरे आणि शिकारी कुत्री मेली, शोध घेणारे संशोधकही दगावले. आणि उत्तर ठाऊक झाल्यावरही ते विसरण्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत. या लेखात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत.

जुन्यांनी काय पाहिले?

गोचिडीचा उल्लेख फार जुना आहे. होमरच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसला त्याचा आर्गोस हा कुत्रा ओळखतो, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. हा आर्गोस एकेकाळी हरणांचा आणि सशांचा पाठलाग करणारा शिकारी कुत्रा होता. आता म्हातारा होऊन तो उकिरड्यावर पडला आहे आणि त्याचे अंग गोचिडींनी भरले आहे. कुत्र्याची दुर्दशा दाखवायला कवीला गोचिडीच आठवाव्यात, यावरून त्या काळच्या श्रोत्यांना हे दृश्य किती ओळखीचे होते ते कळते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की गोचीड हरळीसारख्या गवतापासून उत्पन्न होते. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, पण जरा थांबून विचार करू या. गवतातून फिरून आलेल्या जनावराच्या अंगावर गोचिडी दिसतात, हे त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. चुकला तो निष्कर्ष.

रोमन लेखक व्हॅरो याने इ. स. पू. ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात तो कुत्र्यांचे दोन प्रकार सांगतो : एक शिकारीचा आणि दुसरा राखणीचा. राखणीच्या कुत्र्याची निगा सांगताना तो म्हणतो की बदाम पाण्यात वाटून तो लेप कुत्र्याच्या कानांना आणि बोटांच्या बेचक्यांत चोळावा, नाहीतर माश्या, गोचिडी आणि पिसवा तिथे जखमा करतात. कान आणि बोटांच्या बेचक्या! गोचिडी नेमक्या कुठे लपतात हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेंढपाळांना आपल्याइतकेच ठाऊक होते.

पुढे पहिल्या शतकात प्लिनीने लिहिले की हा प्राणी रक्तात डोके खुपसून जगतो, त्याला अन्न बाहेर टाकायची वाटच नसते, त्यामुळे तो फुगत जातो आणि शेवटी फुटून मरतो. टम्म फुगलेली गोचीड एके दिवशी दिसेनाशी होते, हे खरेच आहे. पण ती फुटत नाही. ती गळून पडते आणि जमिनीवर अंडी घालायला जाते. पाहणाऱ्याची नजर जनावरावरच खिळलेली असल्याने गोचिडीचे पुढचे आयुष्य त्याच्या नजरेतून निसटले. ॲरिस्टॉटलला गवत दिसले आणि प्लिनीला जनावर. या दोहोंना जोडणारा धागा अठराशे वर्षे कोणालाच सापडला नाही.

गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले

तो धागा सापडला अमेरिकेत, आणि तोही कुत्र्यांमुळे नव्हे तर गुरांमुळे. एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि इतर दक्षिणी राज्यांतून गुरांचे कळप उत्तरेकडे चालवत नेले जात. दक्षिणेची गुरे धडधाकट दिसत. पण ती ज्या कुरणांतून जात, त्या कुरणांत चरणारी उत्तरेची गुरे सुमारे महिन्याभराने तापाने फणफणत, लाल लघवी करत आणि पटापट मरत. गुराखी म्हणत, हे गोचिडींचे काम आहे. विद्वान मात्र हसत. एवढासा किडा एवढ्या मोठ्या जनावराला कसा मारेल?

थिओबाल्ड स्मिथ हे तरुण डॉक्टर अमेरिकी सरकारच्या पशुविभागात काम करत होते. त्यांनी गुराख्यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष केले नाही. फ्रेड किलबोर्न या पशुवैद्यांच्या साहाय्याने त्यांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळ जे प्रयोग केले, ते वर्गात सांगावेत इतके सोपे आणि सुंदर आहेत. एका कुंपणात त्यांनी गोचिडी असलेली दक्षिणेची गुरे आणि उत्तरेची निरोगी गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्या कुंपणातही तशीच गुरे ठेवली, पण दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरची एकूणएक गोचीड हाताने वेचून काढली. तिसऱ्या ठिकाणी दक्षिणेचे एकही गुरू नव्हते. फक्त गवतावर गोचिडी सोडल्या होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणची उत्तरेची गुरे आजारी पडली. दुसऱ्या ठिकाणची ठणठणीत राहिली. म्हणजे दोष दक्षिणेच्या गुरांच्या सहवासाचा नव्हता, गोचिडींचा होता.

पण एक कोडे उरले. गुरांवरची ही गोचीड एकदा का जनावरावर चढली की तिथेच वाढते, कात टाकते, पूर्ण मोठी होते आणि पोट भरल्यावरच खाली पडते. एका गुरावरून दुसऱ्या गुरावर ती जातच नाही. मग रोग पसरतो कसा? उत्तर असे निघाले की रोगाचे जंतू मादीच्या अंड्यांतून तिच्या पिल्लांत उतरतात. आईने आजारी गुराचे रक्त प्यायलेले असते आणि रोग देतात तिची मुले. अंडी उबून पिल्ले निघायला वेळ लागतो, म्हणूनच दक्षिणेचा कळप गेल्यानंतर महिन्याभराने रोग उद्भवत असे. स्मिथ आणि किलबोर्न यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. संधिपाद प्राणी रोगजंतूंची ने-आण करतो याचा हा आरंभीच्या पुराव्यांपैकी एक. मलेरिया आणि डास यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली दाखवला, तो याच्या नंतर.

या शोधावरून उपायही निघाला. ही गोचीड सारे आयुष्य एकाच गुरावर काढते. मग गुरालाच औषधाच्या पाण्यात बुडवून काढले तर गोचिडीची पिढीच खुंटेल. सोमलमिश्रित पाण्याचे मोठे हौद बांधून त्यांतून गुरे पोहवत नेण्याची मोहीम अमेरिकेत १९०६ साली सुरू झाली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडून ही गोचीड देशातून हद्दपार झाली.

मग हाच उपाय कुत्र्यांना का लागू पडू नये? इथे गोष्ट वेगळे वळण घेते.

कुत्र्याची गोचीड वेगळी

दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत कुत्र्यांमध्ये एक घातक कावीळ पसरली होती. कुत्र्याला ताप येई, हिरड्या पांढऱ्या पडत, डोळे पिवळे होत, लघवी कॉफीसारखी काळपट होई. बाहेरून आणलेली उमदी शिकारी कुत्री तर हमखास बळी पडत. तिथले सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी गोचिडींवर संशय धरून प्रयोग सुरू केले. आजारी कुत्र्यावर पोसलेल्या मादीची अंडी त्यांनी उबवली आणि निघालेली पिल्ले निरोगी कुत्र्यावर सोडली. काहीच झाले नाही. पिल्ले वाढून मधल्या अवस्थेत आली; ती पुन्हा सोडली. तरीही काही नाही. दुसरा कोणी असता तर त्याने इथेच नाद सोडला असता. पण लाउन्सबरींनी त्याच गोचिडी पूर्ण मोठ्या होऊ दिल्या आणि मग कुत्र्यावर सोडल्या. कुत्रा आजारी पडला! हे वर्ष होते १९०१.

कुत्र्यावरच्या गोचिडीचे जीवनचक्र इथे समजून घेऊ या, कारण सगळी मेख त्यातच आहे. आपल्याकडे घरोघरी आढळणारी तपकिरी गोचीड घ्या. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत किंवा दगडाखाली दोन ते चार हजार अंडी घालून मरते. अंड्यांतून सहा पायांची, मोहरीहूनही बारीक पिल्ले निघतात. ती कुत्र्यावर चढून तीन-चार दिवस रक्त पितात आणि खाली उतरतात. जमिनीवर कात टाकून त्यांची आठ पायांची मधली अवस्था होते. ती पुन्हा कुत्रा गाठते, आठवड्याच्या आत पोट भरते आणि पुन्हा खाली उतरते. पुन्हा कात टाकून पूर्ण वाढ झालेली गोचीड होते, ती तिसऱ्यांदा कुत्रा शोधते. म्हणजे तीन वेळा चढणे, तीन वेळा उतरणे. तिन्ही वेळचे दिवस मिळून कुत्र्याच्या अंगावरचा मुक्काम फार तर तीन आठवड्यांचा. उरलेले सारे आयुष्य ती कुत्र्याच्या राहण्याच्या जागेत काढते. पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताच्या थेंबाशिवाय वर्षभराहूनही अधिक तग धरू शकते.

आता सुरुवातीच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. काल वेचलेल्या गोचिडी परत आलेल्या नाहीत. त्यांच्या किती तरी पट गोचिडी अंगणात, भिंतीत आणि गवतात आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. गुराला औषधात बुडवणे म्हणजे गोचिडीच्या घरावरच घाव घालणे होते. कुत्र्याला बुडवणे म्हणजे फक्त तिच्या खाणावळीला टाळे ठोकणे. तेही एक दिवसापुरते.

मद्रासची शिकारी कुत्री

हा फरक हिंदुस्थानातील साहेबांना फार महागात पडला. घोड्यावर बसून कुत्र्यांच्या ताफ्यामागे दौडत शिकार करण्याचा इंग्लंडमधला शौक त्यांनी इथेही आणला होता. उटी, पेशावर, मुंबई, मद्रास अशा ठिकाणी असे ताफे होते. इंग्लंडात पाठलाग होई तो तिकडच्या तांबड्या खोकडाचा. इकडे त्याची जागा घेतली कोल्ह्याने. या ताफ्यांसाठी इंग्लंडहून बोटीने कुत्री येत आणि दर मोसमात मेलेल्यांच्या जागी नवी मागवावी लागत. उन्हाळा, हवा, पाणी अशा अनेक गोष्टींना दोष दिला जाई.

मद्रासजवळ गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर पॅटन हे डॉक्टर संशोधन करत होते. मद्रासच्या शिकारी ताफ्यातील कुत्र्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना तांबड्या पेशींमध्ये एक परजीवी दिसला. कुत्र्यांच्या काविळीचा परजीवी तोपर्यंत माहीत होता. त्याची जोडी पेअरच्या फळासारखी दिसते. हा मात्र त्याहून लहान आणि अंगठीसारखा होता. पॅटन यांनी मग ताफा ज्याचा पाठलाग करतो त्या कोल्ह्याचेही रक्त तपासले. त्यातही तोच परजीवी! १९१० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आज हा परजीवी बबेशिया गिब्सोनी या नावाने ओळखला जातो आणि जगभरच्या पशुवैद्यांना तो परिचित आहे.

पाठलाग करणारा आणि पाठलाग होणारा, दोघांच्या रक्तात एकच परजीवी. कोल्हा हा त्याचा मूळ यजमान असावा असे अनुमान निघाले. ज्या झुडपांतून कोल्हा पळे त्याच झुडपांतून कुत्री धावत. कोल्ह्यावरून गळलेल्या गोचिडी तिथेच नव्या पाहुण्याची वाट पाहत. विलायतेतून आलेल्या कुत्र्यांच्या पिढ्यांनी हा परजीवी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या अंगी प्रतिकारशक्तीही नव्हती. पुढे १९३७ साली स्वामिनाथ आणि शॉर्ट यांनी हा परजीवी हिमॅफायसॅलिस बायस्पायनोसा नावाच्या गोचिडीतून पसरतो हे दाखवले. यातले 'हिमॅफायसॅलिस' हे कुळाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

औषधांचा शोधही याच काळात लागला. केंब्रिजमध्ये नटाल आणि हॅडवेन यांनी १९०९ साली दाखवले की ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग शिरेतून दिला तर कुत्र्यांची कावीळ बरी होते. रसायनाने परजीवी मारण्याच्या पहिल्या यशांपैकी हे एक. मात्र हे औषध दिलेल्या जनावराचे मांस निळे पडे. मद्रासच्या लहान परजीवीवर ते फारसे चालले नाही. शिवाय रोगातून उठलेला कुत्रा पुन्हा त्याच खोपटात, त्याच फटींतल्या गोचिडींच्या शेजारी झोपायला जाई. त्यामुळे समजदार मालकांनी कुत्र्यांच्या निवाऱ्याकडे लक्ष वळवले. फटी लिंपणे, भिंतींना चुना देणे, जमिनीवर उकळते पाणी ओतणे, अंथरूण जाळणे आणि कुत्र्यांना फिरवून आणले की बोटांच्या बेचक्या तपासणे, असे उपाय हळूहळू रूढ झाले. व्हॅरोच्या लेपात यातली एकच गोष्ट होती.

जुन्या पडावावर झोपू नका

आतापर्यंतची गोष्ट जनावरांची झाली. माणसाच्या मुक्कामाच्या जागेची गोष्ट आफ्रिकेत घडली. तिथल्या व्यापारी वाटांवर हमालांचे तांडे ठरलेल्या पडावांवर उतरत. या पडावांवरच्या झोपड्यांत रात्री एक मऊ कातडीची, करडी गोचीड चावत असे. ती पायाला चिकटून राहत नाही. ढेकणासारखी रात्री येते, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरते आणि पहाटेपूर्वी मातीत नाहीशी होते. चावा घेतलेल्याला आठवड्याभरात ताप येतो, उतरतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या चाव्याच्या त्रासाची नोंद केली होती.

१९०५ साली काँगोमध्ये एव्हरेट डटन आणि जॉन टॉड यांनी या उलटणाऱ्या तापाचे मळसूत्री जंतू गोचिडीतून येतात हे सिद्ध केले. हे काम चालू असतानाच दोघांनाही हा ताप आला. डटन त्यातून उठले नाहीत. त्याच वर्षी तिकडे पूर्व आफ्रिकेत जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. क्षयाचे जंतू शोधणारे ते हेच कॉख. त्यांनी पडावांवरच्या झोपड्यांतली माती उकरली. छपराखालच्या कोरड्या मातीत गोचिडी होत्या. बाहेर पावसाने भिजणाऱ्या उघड्या जागेत त्या नव्हत्या. गोचिडींची अंडी फोडून पाहिली तर त्यांतही जंतू होते. स्मिथ यांनी गुरांबाबत जे सांगितले तेच इथे पुन्हा दिसले.

कॉख यांनी सुचवलेला उपाय अतिशय साधा होता. पडावावरच्या जुन्या झोपडीत झोपू नका. थोडे दूर मोकळ्यावर तंबू ठोका. औषध नाही, लस नाही. चार पावले बाजूला सरका, एवढेच. मात्र हा उपाय तंबू बाळगणाऱ्या साहेबाला सोपा होता. ओझी वाहणाऱ्या हमालाला झोपडीशिवाय आसरा नव्हता आणि त्याच्या चटईतून, गाठोड्यातून गोचिडी पुढच्या पडावावर जात. उपाय कळणे आणि तो परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसते.

कुत्र्याची गोचीड माणसालाही ताप देते हे कळायला आणखी काही वर्षे गेली. आपल्याकडे मेगॉ या डॉक्टरांनी १९१७ साली कुमाऊँच्या डोंगरात गोचीड चावल्यानंतर येणाऱ्या टायफससारख्या तापाचे वर्णन केले. १९३० साली ट्युनिसमध्ये ड्युरांड आणि कॉन्सेय यांनी तशाच एका तापाचे जंतू तपकिरी गोचिडीत दाखवले. कुत्र्याच्या खोपटाची स्वच्छता ही त्यानंतर केवळ कुत्र्याची बाब राहिली नाही.

पावडरींचे दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि गॅमॅक्झिन आले आणि गोचिडींचा प्रश्न कायमचा सुटला असे वाटू लागले. कुत्र्याला पावडर, खोपटाला पावडर, तळावर पावडर. पण सोमलाला दाद न देणाऱ्या गोचिडी त्याआधीच दिसू लागल्या होत्या. आता नव्या औषधांचीही तीच गत काही वर्षांत झाली. जी गोचीड औषधातून वाचते तिचीच पिल्ले पुढे येतात. उत्क्रांतीचा धडा शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. शिवाय ही औषधे मातीत साठतात आणि नको त्या जीवांनाही मारतात. पुढे औषधाचे पट्टे आले, १९९० च्या दशकात मानेवर थेंब सोडायची औषधे आली आणि गेल्या दशकात पोटात द्यायच्या गोळ्या आल्या. त्यांचा परिणाम काही आठवडे टिकतो, त्यामुळे जमिनीवरून चढणाऱ्या नव्या गोचिडीही मरतात. गोचिडीचे जीवनचक्र लक्षात घेऊन आखलेला उपाय म्हणून त्यांचे महत्त्व आहे. पण ते पाळीव कुत्र्यापुरते. रानाला गोळी देता येत नाही.

आपल्या दारातले रान

ही शेवटची गोष्ट आपल्या सर्वांत जवळची. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावकऱ्यांना जबर ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तिथे धावले. आज हीच संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आधी पीतज्वराची शंका होती. पण शोधाअंती सापडला एक नवाच विषाणू आणि त्याचे वाहन निघाले हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या गोचिडीचीच ही बहीण.

इथेही जागाच महत्त्वाची ठरली. विषाणू असलेले माकड मरून पडते तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पालापाचोळ्यात उतरतात. ती जागा मग अनेक आठवडे धोक्याची राहते. म्हणून मेलेल्या माकडाभोवती सुमारे ५० मीटरच्या वर्तुळात कीटकनाशक भुकटी टाकायची आणि माणसांनी तिकडे फिरकायचे नाही, असा नियम ठरला. संपूर्ण रान फवारणे शक्य नाही आणि योग्यही नाही. पण नेमकी जागा कळली तर तेवढी राखता येते. अर्थात, माकड मेल्याची बातमी वेळेवर पोचली तर!

हा ताप अनेक वर्षे शिमोग्याच्या आसपासच राहिला. नंतर तो सह्याद्रीच्या रांगेने सरकला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. तिथे त्याला 'माकडताप' म्हणतात. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच जण त्यात दगावतात. रुग्ण कोण असतात? काजूच्या बागेत बिया गोळा करणारे, लाकूडफाटा आणि पाला आणणारे, रानात गुरे चारणारे. काजूचा हंगाम आणि लहान गोचिडींचा हंगाम एकच, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पालापाचोळ्यात वाकून काम करणाऱ्या बाईला आपण कॉख यांच्यासारखे 'चार पावले बाजूला सरका' असे सांगू शकत नाही. तिची मजुरी त्याच पाचोळ्यात आहे. अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल वाटले जाते, ते उपयोगी आहे, पण रोज आठवणीने लावावे लागते. अनेक वर्षे दिली गेलेली लस पुरेशी गुणकारी नसल्याचे दिसल्यावर कर्नाटकात २०२२ साली ती थांबवण्यात आली. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर मुख्य भिस्त आहे ती गोचिडीचे आयुष्य समजून घेण्यावर.

शाळेत काय करता येईल?

पुस्तकात परजीवींचा धडा येतो तेव्हा वर्गात दोन चित्रे काढून घ्यावीत : गुरांवरच्या गोचिडीचे आणि कुत्र्यावरच्या गोचिडीचे जीवनचक्र. प्रत्येक चित्रात जनावरावर घालवलेला काळ एका रंगाने आणि जमिनीवर घालवलेला काळ दुसऱ्या रंगाने दाखवावा. मग विचारावे, औषध कुठे घालाल? बहुतेक मुले आपापली स्मिथ आणि लाउन्सबरी यांच्यापर्यंत पोचतात असा आमचा विश्वास आहे.

सहलीला किंवा शिबिराला जाताना पुढील गोष्टी पाळाव्यात. तळ उघड्या, उन्हाच्या, आखूड गवताच्या जागी द्यावा. गोठ्याशेजारी, पडक्या घरात किंवा पाचोळ्यात नको. पायघोळ कपड्यांची टोके मोज्यांत खोचावीत. सोबत आलेल्या कुत्र्याला तंबूत घेऊ नये. संध्याकाळी प्रत्येकाने काखा, कानामागचा भाग, गुडघ्यामागची खोबण आणि कंबर तपासावी. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. काडीचा चटका देऊ नये, रॉकेल लावू नये आणि नखावर चिरडू तर मुळीच नये. तिच्या पोटातले रक्त आपल्या बोटावरच्या ओरखड्यातून आत जाऊ शकते. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी, हात साबणाने धुवावेत. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या डोंगराळ भागातील शिक्षकांना आमची आणखी एक विनंती आहे. रानात मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ न जाता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचे, हे मुलांना शिकवा. शाळेच्या वाटेवर ते सर्वांत आधी मुलांनाच दिसण्याचा संभव असतो. त्यांनी वेळेवर दिलेली बातमी काजूच्या बागेत जाणाऱ्या त्यांच्याच आईला वाचवू शकते.